निळ्या टेपच्या आत

निर्मला काकू मोहित्यांवर आमच्या मंडळाच्या अंकात कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते आहे. मंडळाच्या अंकात कोण येतं? ज्यांनी कंपनी काढली ते, ज्यांच्या मुलीचं अरंगेत्रम झालं ते, आणि ज्यांनी हॉलचं भाडं भरलं ते. काकूंनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी ॲरिझोनात, चँडलरमधलं चार बेडरूमचं घर विकलं, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी बसएवढी गाडी चालवायला शिकल्या आणि नवऱ्याला घेऊन त्या गाडीतच कायमच्या राहायला गेल्या. त्यावर मंडळात काय बोललं गेलं? "मुलीनं टाकलं वाटतं." "शशिकांतरावांना शेअर्समध्ये फटका बसला असणार." "या वयात काय हे बंजाऱ्यासारखं!"

सगळं खोटं. मी तेव्हा तिथं होते.

२००४ च्या ऑगस्टमध्ये मी पुण्याहून सांडपाण्याच्या शुद्धीकरणावर संशोधन करायला ॲरिझोनात आले. कॉलेजात फीवाढीविरुद्ध पत्रकं लिहून लिहून माझं मराठी असं झालं होतं की आईला पत्र लिहिलं तरी शेवटी मागण्या यायच्या. आल्या आठवड्यातच एका सीनियरनं मला गादी मिळवायला काकूंच्या गॅरेजमध्ये नेलं. त्या गॅरेजमध्ये गाडी कधीच उभी राहिली नसावी. उभ्या रचलेल्या गाद्या, कुकर, तवे, टेबललॅम्प. भारतातून येणाऱ्या आईवडलांसाठी थंडीचे कोट, एक वॉकर, एक व्हीलचेअर. मंडळाची गणपतीची पातेली. आणि प्रत्येक वस्तूला सुतळीनं बांधलेलं एक कार्ड.

माझ्या गादीच्या कार्डावर माझ्याआधी सहा नावं होती. पहिलं १९९३ मधलं.

"सही कर," काकू म्हणाल्या. बुटक्या, काटक, केस कानाच्या वर कापलेले, हातात पेन आधीच उघडलेलं. "जाताना मला परत आणून द्यायची नाही. पुढच्याला द्यायची. कुणाला दिलीस तेवढं कळवायचं."

मला अशा वेळी गप्प बसता येत नाही. मी विचारलं, "काकू, हे दान समजायचं का?"

"दान कसलं? गादी आहे."

आतून त्यांचे यजमान, शशिकाका, ओरडले, "कोण आलंय गं?"

"एक मोर्चा आलाय," काकू म्हणाल्या. तेव्हापासून त्या घरात माझं नाव मोर्चा. पुढं दोन वर्षं काका दार उघडून म्हणायचे, "या मोर्चा, घोषणा नंतर द्या, आधी चहा घ्या."

कार्डाचं वेड काकूंना नोकरीतून लागलेलं. चँडलरच्या एका चिप बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी सत्तावीस वर्षं काढली, नखशिखांत पांढरा सूट घालून, फक्त डोळे उघडे. तिथं सिलिकॉनच्या चकत्यांचा प्रत्येक ट्रे पुढं सरकतो तो कार्डासकट, आणि ज्यानं हात लावला त्यानं सही करायची. एकानं सही चुकवली तर पुढच्या सगळ्यांचं काम वाया. निवृत्त झाल्यावरही त्या कुठल्याही घराच्या उंबऱ्याशी थांबायच्या, दोन्ही पाय दोनदा पुसायच्या आणि मगच आत यायच्या. हात धुतले की तळवे वर करून वाळवायच्या, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारख्या. आणि त्या कधीच घाईनं चालायच्या नाहीत. मी विद्यापीठातल्या सफाई कामगारांच्या पगारासाठी सह्या गोळा करत त्यांच्याकडे धापा टाकत यायचे, तेव्हा त्या पेन घेऊन सही करायच्या आणि म्हणायच्या, "पळू नकोस. धूळ उठते." कारखान्यात पळायला बंदी होती, एक धुळीचा कण, आणि अख्खा ट्रे फुकट. मला मात्र ते वाक्य माझ्या संपूर्ण चळवळीवर मारलेला शेरा वाटायचा. बहुतेक तो होताही.

२००५ च्या ऑक्टोबरमध्ये एक दिवस त्यांच्या दारात एक मोटरहोम उभं होतं. जुनं, बदामी रंगाचं, बाजूला तपकिरी पट्टा. घराच्या खिडक्या झाकून टाकण्याएवढं मोठं. काकू आणि काका पुढच्या खोलीतला सोफा हलवायच्या खटपटीत होते. "घर विकायचं, यात राहायचं," काकूंनी सांगितलं, उद्या भेंडी करायची असं सांगावं तसं.

मी सुरू झाले. ही गाडी आहे की पेट्रोल पिणारा हत्ती? या देशात लोकांना घरं परवडत नाहीत म्हणून ते गाड्यांत झोपतात, आणि तुम्ही हौसेनं झोपणार? तुमच्या पिढीनं सगळं मिळवलं आणि आता फिरायला निघालात, बाकीच्यांनी काय करायचं? बरंच बोलले. पत्रकाची दोन्ही पानं झाली असती.

काकूंनी सगळं ऐकलं. "झालं? आता सोफ्याचं ते टोक धर."

सोफा बाहेर ठेवल्यावर त्यांनी मला पायरीवर बसवलं. काका आत गेले होते. काकांनी एकतीस वर्षं सरकारी रस्तेखात्यात रस्ते काढले होते, म्हणजे कागदावर. वळणं, उतार, पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या मोऱ्या. प्रत्यक्षात ते फारसे कुठं गेले नाहीत. काकूंची रजा, मुलीची शाळा आणि काकांची सुट्टी यांचा मेळ कधी बसलाच नाही. नंतर जाऊ, नंतर जाऊ, म्हणत राहिले. आणि जूनमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की काकांच्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजतोय. समोरच्या माणसाचा चेहराच मधून पुसल्यासारखा दिसतो, कडा तेवढ्या राहतात. थांबवता येणार नाही. "डॉक्टर म्हणाले, बघायचंय ते लवकर बघून घ्या," काकू म्हणाल्या. "यांना रस्ते बघायचेत. स्वतः काढलेले आणि दुसऱ्यांनी काढलेले. हे बघणार, मी चालवणार."

माझ्याकडे पेट्रोलविषयी आणखी एक मुद्दा होता. तो मी गिळला.

नोव्हेंबरच्या शेवटी काकूंनी मोटरहोमचं आतलं माप घेतलं आणि दिवाणखान्यातल्या गालिच्यावर, रंगारी वापरतात त्या निळ्या टेपनं, तंतोतंत तेवढा चौकोन आखला. आत पलंगाची जागा, दोन बर्नरची शेगडी, मोरी, जेवायचं टेबल, दार. एक डिसेंबरपासून दोघं त्या चौकोनात राहायला गेले. खरोखर. चार बेडरूमच्या घरात गालिच्यावरच्या टेपच्या आत. लागेल ती वस्तू बाहेरून आत आणायची. महिनाभर जिची आठवण झाली नाही ती द्यायची.

आलेल्यानं टेपच्या दाराशी उभं राहून विचारायचं, "येऊ का?" मला पहिल्या दिवशी हसू आवरेना. काकू शेगडीच्या चौकोनाशी खरी शेगडी मांडून पोळ्या करत होत्या. तेवढ्यात काका पेपर आणायला उठले आणि सवयीनं टेप ओलांडून सरळ निघाले.

"अहो, भिंतीतून कुठं चाललात?"

काका थांबले, मागं फिरले, आत आले, दारातून बाहेर पडले आणि मग पेपर आणला. परत येताना माझ्याकडे वळून म्हणाले, "मोर्चा, लग्नाला छत्तीस वर्षं झाली. हिला माझ्यापासून आठ फुटांच्या आत राहावं लागतंय ते पहिल्यांदाच."

"आणि यांना किती बोलायचं असतं ते मला कळतंय, तेही पहिल्यांदाच," काकू म्हणाल्या. पण पोळी त्यांच्या ताटात गरमच वाढली.

बॉस्टनहून त्यांची मुलगी स्वाती रोज फोन करायची. स्पीकरवर ऐकू यायचं, "आई, जस्ट रेंट अ स्टोरेज! सगळं कशाला देतेयस?"

"भाड्याच्या खोलीत सामान कोंडायचं आणि वर्षातून एकदा बघायला जायचं? सामानाला वृद्धाश्रमात टाकल्यासारखं दिसेल ते."

"दॅट्स नॉट फनी, आई."

"विनोद नाही करत. तुझी शाळेतली वाद्यं कुणाला देऊ ते सांग."

तो महिना मी बघत होते. लग्नात आलेली, नावं घातलेली भांडी गेली. सोळा साड्या ठेवून बाकीच्या गेल्या, मग बाराच ठेवल्या. काकूंनी डोळ्यांतून पाणी काढलं नाही. कार्ड लिहायच्या, सुतळी बांधायच्या, सही घ्यायच्या. जानेवारीत घर रिकामं झालं आणि फक्त गॅरेजची उत्तरेकडची भिंत उरली. गाडं तिथं अडलं.

त्या भिंतीला चौदा बॉक्स होते. ते काकूंचे नव्हते. २००१-०२ मध्ये कंपन्यांनी माणसं कमी केली तेव्हा आपली कितीतरी मुलं रातोरात नकोशी झाली. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की मोजके दिवस. तेवढ्यात लीज मोडायचं, गाडी विकायची, मुलांची नावं शाळेतून काढायची. जाताना ती मुलं काकूंकडे यायची आणि एकेक बॉक्स ठेवून जायची. "काकू, एवढं ठेवा. परत आलो की नेतो." काकूंनी प्रत्येकाला कार्ड लावलं. परतीच्या तारखेच्या रकान्यात दोनच शब्द: आले की.

चार-साडेचार वर्षं झाली होती. चौदापैकी एकानंही विचारपूस केली नव्हती. काही तर अमेरिकेत परतून घरंही घेऊन बसले होते. मी विचारलं, "काकू, उघडून बघायचं का, आत काय आहे?"

"आपले आहेत का?"

त्या प्रत्येकाला होत्या त्या जुन्या पत्त्यावर पत्र लिहीत होत्या, हातानं, रोज एक. उत्तरं येत नव्हती. घराला गिऱ्हाईक आलं होतं. काका आता पेपर भिंगानं वाचायचे, मार्चमध्ये ते भिंगही बदललं. आणि मला राग आला. हो, आला, आणि त्या रागाची मला आजही लाज वाटत नाही; लाज वाटते ती पुढं जे केलं त्याची. मी काकूंना न विचारता मंडळाच्या ई-मेलच्या यादीवर पत्रक टाकलं. मथळा: "गॅरेज म्हणजे धर्मशाळा नव्हे!" एका वृद्ध जोडप्याच्या चांगुलपणाचा गैरफायदा घेणाऱ्यांची निर्लज्ज बेफिकिरी वगैरे सगळं त्यात होतं. शेवटी ठळक अक्षरांत: एकतीस मार्चपर्यंत बॉक्स न नेल्यास ते फेकून देण्यात येतील. आणि खाली, निर्मला मोहिते यांच्या वतीने.

पत्रक लागू पडलं. यादीवरून ते कुठून कुठं फिरत गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या ऐटीत काकूंकडे गेले. त्या टेपच्या आत बसून लसूण सोलत होत्या. मी दाराशी उभं राहून "येऊ का?" म्हटलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, म्हणून मी बाहेरच राहिले.

"पुण्याहून फोन आला होता," त्या म्हणाल्या. "अंजलीचा. रडत होती. म्हणाली, काकू, तारखेच्या आत कुणाला तरी पाठवते, टाकू नका."

"म्हणजे उपयोग झाला ना!"

"मी कुणाला तारीख दिली नव्हती."

"काकू, साडेचार वर्षं..."

"त्यांना एकदा तारीख दिली होती कुणीतरी. पोराबाळांसकट. ते माझ्याकडे आले कारण मी तारीख विचारली नाही. आता मीच दुसरी देऊ?"

मी चिडले. ओरडलेच. "मग काकांच्या डोळ्यांना तारीख नाही का? ती कुणी पाळायची?"

बाहेर पाण्याचा पाइप बंद झाल्याचा आवाज आला आणि खिडकीतून काका म्हणाले, "मोर्चा, मला ऐकू येतंय हं. डोळे चाललेत, कान नाहीत."

"ती तारीख मला माहीत आहे," काकू हळू म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा थोडी जास्तच." मग त्यांनी फोन टेपच्या भिंतीवरून माझ्याकडे सरकवला. "तुझ्या त्या पत्रकात सगळ्यांचे गुन्हे आहेत. पत्ता मात्र एकाचाही नाही. आता बस आणि एकेकाला शोध. तारीख नाही म्हणून सांग."

पुढचे दहा दिवस मी सकाळी सातला तिथं जाऊन फोन लावत होते. तेव्हा भारतात संध्याकाळ असते. मित्रांकडून मित्रांचे नंबर काढले. मला वाटत होतं, हे लोक विसरले असतील. एकही विसरला नव्हता. एकानं न विचारता सांगितलं, बॉक्समध्ये वरती बायकोची निळी ओढणी आहे. एक जण म्हणाला, "बॉक्स तिथं आहे तोवर आपण परत जाणार असं वाटायचं, म्हणून फोनच केला नाही." आता यावर काय पत्रक काढणार? कुणी म्हणालं, गरजूला देऊन टाका. कुणाचं सामान भारतात परतणाऱ्या आईवडलांच्या बॅगांमधून, दोन किलो इथं, तीन किलो तिथं, असं गेलं. अंजलीचं तीन म्हाताऱ्यांच्या बॅगांतून पोचलं. शेवटी तीन बॉक्स उरले. एकाचा मालक टेक्सासमध्ये शुगर लँडला होता, एकाची मालकीण मिनेसोटात ईडन प्रेरीला. दोघांनाही हवे होते, दोघांनाही लगेच येणं जमत नव्हतं. तिसरा नागपूरच्या दिनेश आणि मीनलचा. त्यांचा नंबर आता एका साडीच्या दुकानात लागत होता.

मार्ग काकांनी काढला. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, भिंग धरलं आणि जाड काळ्या पेननं रेघ ओढली. "आधी टेक्सास. मग उन्हाळ्याला वर मिनेसोटा. मला काय, रस्ते कुठलेही चालतील. बॉक्सला न्यायला कोणी येत नसेल तर आपण बॉक्सबरोबर जाऊ."

"आणि नागपूर?" मी विचारलं.

"तिथं रस्ता जात नाही," काका म्हणाले. "पण बॉक्स येईल बरोबर."

गाडी शिकणं तोवर चालूच होतं. रविवारी सकाळी एका शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये काका प्लास्टिकचे नारिंगी शंकू मांडायचे, काकू उशीवर बसून ते अजस्र धूड मागं घ्यायच्या, आणि मी मागं उभी राहून दिशा दाखवायची. काकांनी मला रस्तेखात्यातलं आपलं जुनं नारिंगी जाकीट घालायला दिलं होतं. दुसरं काही दिसलं नाही तरी तो रंग त्यांना दिसायचा. पहिल्याच दिवशी गाडी शंकूवर चालली. मी घसा फोडून "थांबा, थांबा" ओरडत होते. शंकू चपटा झाला. काकू खाली उतरल्या, शंकू दाबून उभा केला.

"कुठं होतीस तू?"

"मागेच! किती ओरडले!"

"आरशात नव्हतीस. आरशात नाहीस म्हणजे माझ्यासाठी तू नाहीसच. नुसतं ओरडून काय उपयोग? ज्याला सांगायचंय त्याला दिसशील अशी उभी राहा."

चार रविवारांत त्या गाडी दोन शंकूंच्या मधे अशी लावू लागल्या, जशी डब्यावर झाकण.

एप्रिलमध्ये मंडळानं निरोप समारंभ केला. तीन तीन गाड्यांची गॅरेज असलेल्या दोघांनी गणपतीची पातेली ठेवून घ्यायला आधी सपशेल नकार दिला होता. त्याच दोघांनी काकूंच्या सेवेवर भाषणं ठोकली. मी मागच्या रांगेत दात खात बसले होते. शाल दिली, नारळ दिला आणि वर लाकडी चौकटीतलं पितळी स्मृतिचिन्ह, ताटाएवढं. गाडीला भार झेपावा म्हणून घरातला चमचान्‌चमचा तोलून काढणाऱ्या बाईला! काकूंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, नीट पाहिलं आणि पिशवीतून स्प्रिंगचा काटा काढून सगळ्यांसमोर त्याला टांगलं.

"सव्वासहा पौंड," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "फार सुंदर आहे. तुमच्याकडेच ठेवा, अध्यक्ष. कार्ड लिहून देते." आणि लिहून दिलं. अध्यक्षांना सही करावी लागली. शाल त्यांनी काकांच्या खांद्यावर टाकली, नारळ घरी नेऊन त्याची चटणी केली.

निघायच्या आदल्या सकाळी शेवटचं वजन झालं. मोटरहोमच्या दाराच्या आत एक पट्टी असते, त्यावर गाडी किती भार पेलेल ते छापलेलं असतं. पाण्याची टाकी भरली की उरतं ते आपलं. काकांनी हिशेब केला. नागपूरचा बॉक्स सव्वीस पौंड. जागा होती सात पौंडांची.

"राहू दे तो माझ्याकडे," मी म्हटलं. "मी सांभाळते."

"तू दोन वर्षांनी जाशील. मग?" काकू म्हणाल्या. त्यांनी कपाटातून लोखंडी खलबत्ता काढला. कराडहून आईनं दिलेला, विमानातून मांडीवर आणलेला; महिनाभर टेपच्या आत राहिलेल्या मोजक्या वस्तूंपैकी. आणि त्याच्याखालची पितळी परात. दोन्ही काट्याला लावलं. एकोणीसला थोडं जास्तच भरलं.

काका म्हणाले, "निमू, खलबत्ता राहू दे गं. माझे दोन बूट काढू."

"तुमच्या बुटांत आलं कुटू?" काकूंनी कार्ड लिहायला घेतलं होतं. पहिल्या ओळीत निर्मला मोहिते, कराड. दुसऱ्या ओळीत माझं नाव. पेन माझ्याकडे केलं. मी सही केली.

नागपूरचा बॉक्स त्यांनी जेवणाच्या टेबलाजवळच्या बाकावर ठेवला आणि त्याला सीटबेल्ट लावला.

मग अधूनमधून टपाल यायचं. शुगर लँडहून कार्डाची झेरॉक्स आली, खाली सही आणि "मिळाले". मागं काकांनी सांगितलेलं काकूंच्या अक्षरात: "मोर्चा, बॉक्स उघडला तेव्हा तो आधी हसला. मग आत जाऊन नळ सोडून उभा राहिला, बराच वेळ. मग आम्हाला जेवायला वाढलं. मला चेहरा नीट दिसला नाही, पण नळ ऐकला." जुलैत ईडन प्रेरीहून दुसरं कार्ड आलं. तिसरं आलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं २००८ च्या फेब्रुवारीत. हिवाळ्यात अशी मोटरहोमं ॲरिझोनाच्या पश्चिम वाळवंटात येऊन थांबतात. मी अडीच तास गाडी हाकत सकाळीच पोचले. ते बदामी धूड, तपकिरी पट्टा. मी दाराशी थांबून विचारलं, "येऊ का?"

"मोर्चा!" काकांनी मला आवाजावरूनच ओळखलं. माझ्याकडे बघताना ते मान किंचित तिरकी करत होते, कडेनं काही सापडतंय का ते शोधल्यासारखी. बाकावर बॉक्स होता. बेल्ट लावलेला.

"अजून पत्ता नाही लागला?"

"लागला की," काकू चहा ओतत म्हणाल्या. "दिनेशचा फोन आला ऑक्टोबरात. शुगर लँडच्या मुलानं शोधून काढला. म्हणाला, काकू, त्यात काही नाही हो, टाकून द्या."

"म्हणजे दोन वर्षं तुम्ही त्यासाठी..." माझा आवाज चढलाच. "मग टाकला का नाही?"

"त्याला म्हटलं, मीनलला विचार आणि सांग. बॉक्स तिनं भरलाय."

"मग?"

"अजून त्याचं धाडस झालेलं नाही."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

अकराला ते पुढं निघणार होते. काका सांगत होते, चालवताना काकू त्यांना रस्ता वाचून दाखवतात. मी ऐकलंही, तिथल्या तिथं जवळच्या टाकीवर पाणी भरायला गेलो तेव्हा. "उजवं वळण, उतार बरा. मोरी आहे, तोंड गाळानं भरलंय." आणि काका: "कडेला जागा किती सोडलीय?" "दीड हात." "कमी ठेवली गाढवांनी." काकूंनी सत्तावीस वर्षं डोळ्यांनी दिसणार नाहीत एवढ्या बारीक रेषा पाहिल्या. आता त्या एका माणसाला मोऱ्या दाखवत होत्या, आणि त्यातली एकही चुकवत नव्हत्या.

निघताना नेहमीसारखी मी मागं उभी राहिले. काकांनी तेच नारिंगी जाकीट दिलं. आरशात काकूंचा चेहरा दिसेपर्यंत मी सरकले, हातानं खुणा केल्या, गाडी रेषेसारखी सरळ मागं आली आणि वळून रस्त्याच्या तोंडाशी थांबली. ऊन चढलं होतं. मी जाकीट काढून नळाच्या खांबावर टांगलं, ते निघायच्या आधी परत देऊ म्हणून, आणि दुसऱ्या बाजूला, सावलीत येऊन उभी राहिले. गाडी तेवढ्यात हलली.

काका खिडकीतून हात हलवत होते. जोरात, लहान मुलासारखे, हसत. खांबाकडे बघून. जाकिटाला.

काकूंना मी आरशात दिसत होते. त्यांनी काकांना काही सांगितलं नाही. गाडी मात्र अगदी हळू केली.

मी पळाले. त्या रेताड जमिनीवर धूळ उठली तेवढी उठली. पळत जाऊन मी खांबाजवळ, त्या जाकिटाला चिकटून उभी राहिले आणि दोन्ही हात वर करून हलवत राहिले, गाडी वळेपर्यंत.